नवी गाळणी, जुने इंजिन

घरी चहा गाळताना कधी कधी गाळणी तुंबते. वर चहा साचून राहतो आणि खाली कपात थेंब थेंब पडतो. मग आपण चमच्याने चोथा ढवळतो, नाही तर गाळणी कपाच्या काठावर आपटतो. गाळणी जितकी बारीक तितका चहा स्वच्छ, पण तितकाच तो सावकाश पडणार, एवढे ज्ञान आपणा सर्वांना स्वयंपाकघरातच मिळालेले असते.

विद्यार्थी मित्रांनो, पदार्थविज्ञान शिकवीत असूनही मी ही साधी गोष्ट एकदा विसरलो, आणि त्यापायी एका जुन्या जीपचे इंजिन थोडक्यात वाचले. ती हकीकत सांगून मला तुमच्यापुढे एक मत मांडायचे आहे. चालत्या यंत्रात बदल करावा की करू नये, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. बदल करण्यापूर्वी काय विचारावे, हा खरा प्रश्न आहे.

कल्याणला माझ्याकडे शिकून गेलेला एक विद्यार्थी एके दिवशी घरी आला. त्याच्या आजोबांची मुरबाडकडे शेती, आणि शेतावर एक जुनी जीप. महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी आपल्याकडे १९४७ साली सुरू केली. पुढे वर्षानुवर्षे जवळपास तेच चार सिलिंडरांचे, सुमारे २२०० घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन या जीपगाड्यांत बसत असे. अशा जीपच्या इंजिनाशेजारी डब्यासारखी एक तेलगाळणी असते. तिला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. डब्याचे झाकण उघडून आतला भाग बदलायचा, आणि तो भाग म्हणजे गच्च भरलेल्या सुती धाग्यांचा किंवा कापडाचा एक लगदाच असतो.

"सर, हा डबा गळतो आणि आतला भाग लवकर मिळत नाही. मिस्त्री म्हणतात, आजकालच्या मोटारीची फिरवून बसवायची गाळणी याच दोन नळ्यांना जोडून देतो. चालेल ना?" त्याने विचारले.

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "का नाही चालणार? नवी गाळणी जुनीपेक्षा चांगलीच असणार."

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. गाडी रस्त्यावर धावताना सगळे ठीक, पण इंजिन तापल्यावर गाडी फाटकापाशी थांबली, की तेलाचा दाब दाखवणारा काटा जवळजवळ शून्यावर उतरे आणि इंजिनातून बारीक खडखड ऐकू येई. आजोबांनी ताबडतोब गाडी बंद करून ठेवली होती. शाळा फारशी न शिकलेल्या त्या माणसाने काट्यावर विश्वास ठेवला, म्हणून इंजिन वाचले. मी काट्याविषयी विचारलेसुद्धा नव्हते.

काटा का उतरला, हे समजण्यासाठी इंजिनातले तेल कुठून कुठे जाते ते पाहू. इंजिनाच्या तळाशी तेलाचे पात्र असते, त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. या जीपमध्ये त्यात सुमारे ४ लिटर तेल मावते. पंप ते तेल उचलून मुख्य तेलवाहिनीत ढकलतो. तिथून ते क्रँकशाफ्टच्या आणि इतर बेअरिंगांत शिरते, त्यांच्या कडांमधून बाहेर पडते आणि परत चेंबरमध्ये ठिबकते. अशी ही फेरी अखंड चालते.

बेअरिंग आणि त्यात फिरणारा दंड यांच्यामधली फट मिलिमीटरच्या शेकडाव्या भागांत मोजतात. दंडावर जोर येतो तिथे तेलाचा थर याहूनही पातळ होतो, अगदी काही मायक्रॉनपर्यंत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तुमच्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. एवढ्या पातळ थरावर धातू धातूपासून अलग तरंगत राहतो. थर तुटला की धातूला धातू घासलाच. तेलात धुळीचा किंवा धातूचा कण आला तर तो बेअरिंगला ओरखडे पाडतो. म्हणून बेअरिंगला स्वच्छ तेल हवे, आणि पुरेसे तेलही हवे. यांतले दुसरे पहिल्याहून निकडीचे आहे. मळलेल्या तेलावर इंजिन महिनोन् महिने कुरकुरत चालेल, पण तेलाविना ते काही मिनिटांत संपते.

सुरुवातीच्या मोटारींना तेलगाळणी नव्हतीच. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी तेलगाळणी तयार केली, आणि १९२४ साली क्रायस्लरच्या नव्या मोटारीत ती बसली. आपल्या भागाशी या नावाचा एक धागा जुळतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला आधी क्रायस्लर समूहाच्याच गाड्या जुळवल्या, आणि फियाट त्यानंतर आली. याच कंपनीचा डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावरही कारखाना होता. १९९०च्या दशकात तिथे पूजो ३०९ ही मोटार तयार होत असे. आता तिथल्या मैदानाच्या नावात तेवढे प्रीमियर उरले आहे. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे जुन्या गाड्या आता ज्यांच्या घरी आहेत त्यांच्याच हौसेवर जगणार, आणि त्यांच्यात काय बदल करावेत हा प्रश्न अनेक घरांत निघणार.

गाळणी तेलाच्या वाटेत दोन प्रकारे बसवता येते. पंपातून निघालेले सगळे तेल आधी गाळणीतून न्यायचे आणि मगच बेअरिंगांकडे सोडायचे, ही झाली पूर्णप्रवाही गाळणी. विजेच्या परिपथाच्या भाषेत ही एकसर जोडणी. दुसऱ्या प्रकारात बहुतेक तेल सरळ बेअरिंगांकडे जाते, आणि थोडेसे, साधारण दहावा भाग, बाजूच्या वाटेने गाळणीतून जाऊन थेट चेंबरमध्ये परत येते. ही उपमार्गी गाळणी, म्हणजे समांतर जोडणी. आजच्या मोटारींत बहुधा पहिला प्रकार असतो. त्या जुन्या जीपमध्ये दुसरा होता.

आता माझी चूक पाहा. समांतर जोडणीत जिथे रोध कमी तिथून धारा जास्त वाहते, हे तुम्ही नववी-दहावीत शिकता. जीपच्या मूळ डब्यात जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे एक छिद्र असते. गाळणीच्या वाटेने थोडेच तेल जावे, बाकीचे बेअरिंगांसाठी राहावे, म्हणून ते मुद्दाम एवढे बारीक ठेवलेले असते. डबा काढला तेव्हा ते छिद्रही त्याच्याबरोबर गेले. नवी गाळणी पूर्णप्रवाही इंजिनासाठी बनवलेली होती. सगळे तेल झरझर जाऊ द्यायचे, हाच तिचा धर्म. ती उपमार्गात बसताच तेलाला परत चेंबरमध्ये जाण्याची एक प्रशस्त वाट मिळाली. विजेच्या परिपथात याला आपण लघुपरिपथन म्हणतो.

याचे चित्र डोळ्यांसमोर आणायचे तर डोंबिवलीतली एखादी जुनी तीन मजली इमारत घ्या. तळमजल्यावरच्या अंगणात कुणी मोठा नळ पूर्ण उघडा टाकला, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून ओरडतात, "अहो, खालचा नळ बंद करा! आमच्याकडे करंगळीएवढी धार येतेय." नळ चांगला की वाईट हा तिथे प्रश्नच नसतो. तो कुठे जोडला आहे आणि किती उघडा आहे, यावर सगळे ठरते.

मग गाडी धावताना काटा का उतरत नव्हता? पंप इंजिनाबरोबर फिरतो. वेगात असताना तो गरजेपेक्षा जास्त तेल ढकलतो, आणि वरचढ तेल एक झडप चेंबरमध्ये सोडून देते. या शिलकीतून नव्या वाटेची गळती भागत होती. इंजिन मंद फिरू लागले, की पंपाचे तेल कमी होई. त्यातच तापलेल्या तेलाची श्यानता कमी झालेली, त्यामुळे ते सगळीकडून भराभर निसटे. शिलक संपली आणि गळती उघडी पडली. म्हणून बदल केल्यावर यंत्र तपासायचे ते त्याच्या सर्वांत अडचणीच्या वेळी. या इंजिनाची ती वेळ म्हणजे तापलेले, मंद फिरणारे इंजिन.

छिद्राचा आकडाही मांडून पाहा. १.६ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राऐवजी ८ मिलिमीटरची वाट मिळाली, तर व्यास ५ पट, पण क्षेत्रफळ २५ पट होते. लांब, अरुंद नळीतून सावकाश वाहणाऱ्या तेलाचा हिशेब तर याहून अचाट आहे. रक्तप्रवाहाचा विचार करता करता फ्रेंच डॉक्टर प्वाझई यांनी १८४०च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले, की अशा नळीतला प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. व्यास दुप्पट तर प्रवाह १६ पट, व्यास ५ पट तर ६२५ पट. "थोडेसे भोक मोठे करू" असे कुणी म्हणाले, की हा चौथा घात आठवा.

माझी दुसरी चूकही सांगून टाकतो. नवी गाळणी जास्त बारीक गाळते असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात सगळे तेल भराभर जाऊ द्यायचे म्हणून पूर्णप्रवाही गाळणीचा कागद तुलनेने जाडाभरडा असावा लागतो. साधारण २० ते ४० मायक्रॉनहून मोठे कण ती अडवते, आणि बारीक कण बरेचसे निसटून जातात. उपमार्गी गाळणीला घाई नसते, त्यामुळे तिचा लगदा अधिक दाट ठेवता येतो आणि तीच अधिक बारीक गाळू शकते. चहाच्या गाळणीचा तोच नियम.

तुम्ही विचाराल, दहावाच भाग तेल गाळले तर बाकीच्याचे काय? हिशेब करू. समजा पंप मिनिटाला १६ लिटर तेल फिरवतो आणि त्यातले १.६ लिटर गाळणीतून जाते. चेंबरमध्ये ४ लिटर आहे, म्हणजे अडीच मिनिटांत ४ लिटर तेल गाळणीतून जाते. पण याचा अर्थ तेलाचा प्रत्येक थेंब गाळला गेला असा होत नाही. गाळलेले तेल न गाळलेल्यात मिसळत राहते, आणि काही थेंब गाळणीतून दोनदा जातात तर काही एकदाही नाही. अडीच मिनिटांनंतर सुमारे ३७ टक्के तेल न गाळलेले उरते. आणखी अडीच मिनिटांनी १४ टक्के, आणि साडेसात मिनिटांनी ५ टक्के. किरणोत्सारी पदार्थ ज्या रीतीने घटतो तीच ही रीत. म्हणजे गाडी कल्याणहून निघून मुरबाडला पोहोचेपर्यंत जवळजवळ सर्व तेल निदान एकदा तरी गाळलेले असते. दहावा भाग वाटतो तितका थोडा नाही.

उपमार्गी गाळणीत दोष नाही असे मात्र नव्हे. नुकताच तेलात पडलेला धातूचा कण गाळणीकडे न जाता सरळ बेअरिंगात शिरू शकतो. पूर्णप्रवाही गाळणी त्याला वाटेतच अडवते, आणि म्हणूनच पुढे कारखानदारांनी ती स्वीकारली. पण तिचीही किंमत आहे. ती एकसर जोडणीत असल्यामुळे तुंबली तर बेअरिंगांचे तेलच तुटेल. हे टाळण्यासाठी तिच्यात किंवा तिच्याशेजारी एक झडप ठेवतात. गाळणी तुंबली की झडप उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाते. मळके तेल चालेल, पण तेल थांबता कामा नये, हे तिथे आधीच ठरवून ठेवलेले असते.

मग जुने इंजिन पूर्णप्रवाही करता येणार नाही का? येईल. फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीत गाळणीऐवजी नुसती तारेची जाळी असे. जगभरच्या अनेक हौशी लोकांनी तिच्यात पूर्णप्रवाही गाळणी बसवली आहे. त्यासाठी पंपातून निघणारे तेल इंजिनाबाहेर काढावे लागते, आतली मूळ वाट बुजवावी लागते आणि गाळलेले तेल भोक पाडून परत मुख्य वाहिनीत आणावे लागते. भोक पाडताना धातूचा एक कीस आत राहिला, तर ज्याच्यासाठी हा खटाटोप त्यालाच इजा होते. शिवाय सगळे तेल आता बाहेरच्या रबरी नळ्यांतून जाणार. मिनिटाला १६ लिटर या हिशेबाने नळी फुटली तर ४ लिटर तेल १५ सेकंदांत रस्त्यावर. ताशी ४५ किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात १९० मीटरसुद्धा जात नाही. चालकाचे लक्ष काट्याकडे जाईपर्यंत सगळे संपलेले असेल.

जुन्या यंत्रांविषयी आपल्याकडे दोन तट आहेत. एक म्हणतो, कारखान्यातून जशी आली तशीच गाडी पवित्र, तिला हात लावू नका. दुसरा म्हणतो, नवे ते सगळे चांगले, जुने काढून फेका. मला हे दोन्ही तट सारखेच आळशी वाटतात. पहिला विचार टाळतो आदरापोटी आणि दुसरा उत्साहापोटी. त्या दिवशी मी दुसऱ्या तटात होतो. मूळ अभियंत्याने ते बारीक छिद्र का ठेवले असेल, असे मला विचारायला हवे होते. जुन्या यंत्रात निरर्थक वाटणारी गोष्ट दिसली, तर आपल्याला तिचा अर्थ अजून कळलेला नाही असे आधी धरावे. अर्थ कळल्यावर ती खुशाल बदलावी.

म्हणून कोणत्याही बदलापूर्वी मी आता तीन प्रश्न विचारतो. हा भाग इथे नेमके कोणते काम करत होता? नवा भाग तेच काम त्याच जागी करील, हे मोजून कसे कळेल? आणि चुकलो तर पहिल्यासारखे करता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला आता कायद्याचाही आधार आहे. ५० वर्षांहून जुन्या वाहनांची खास नोंदणी करण्याचे नियम २०२१ साली आले. त्यांत वाहन मूळ स्वरूपात असावे आणि सांगाडा, बाहेरचे अंग व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. इंजिनाला पाडलेले भोक परत बुजत नाही. नळीला लावलेला जोड मात्र काढून ठेवता येतो.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती आहे. एकसर आणि समांतर जोडणी आपण फक्त विजेच्या तारांच्या आकृतीत शिकवतो. मुले सूत्र पाठ करतात, गुणही मिळवतात, आणि तोच परिपथ तेलाच्या, पाण्याच्या किंवा रक्ताच्या रूपात पुढे आला की ओळखत नाहीत. मुलांना कशाला दोष द्यावा? तो मलाच ओळखता आला नव्हता. एखाद्या शनिवारी वर्ग जवळच्या गॅरेजात न्या. मिस्त्रींना उघडे इंजिन दाखवायला सांगा, आणि तेलाची वाट मुलांना वहीत परिपथासारखी काढायला लावा.

तुम्हाला घरी करून पाहण्याजोगा प्रयोगही आहे. एक बादली पाण्याने भरून टेबलावर ठेवा. दोन सारख्या रबरी नळ्या इंग्रजी वाय अक्षराच्या जोडाने एका नळीला जोडा आणि तिचे दुसरे टोक बादलीत बुडवा. तोंडाने ओढून पाणी सुरू करा. एका फाट्याच्या टोकाला बॉलपेनच्या रिकाम्या, धुतलेल्या रिफिलचा तुकडा घट्ट बसवा. दुसऱ्या फाट्याचे पाणी एका मिनिटात किती जमते ते मोजा. हा फाटा म्हणजे बेअरिंग. मग रिफिल काढून टाका, बादली पुन्हा पहिल्या रेघेपर्यंत भरा आणि परत मोजा. बेअरिंगचे पाणी किती घटले? मुख्य नळी लांब घेतली तर काय होते? आकडे वहीत लिहून ठेवा.

त्या जीपचे पुढे काय झाले ते सांगतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका ओळखीच्या कारागिराने लेथवर पितळेचा छोटा जोड करून दिला. त्याला मध्ये दीड मिलिमीटरचे भोक आहे. तो आम्ही गाळणीपाशी न बसवता इंजिनातून नळी निघते तिथेच बसवला, म्हणजे पुढे कधी नळी फुटली तरी तेल धो धो न जाता बारीक धारेनेच जाईल. आतला भाग सहज मिळेल अशी एक उपमार्गी गाळणी शोधून लावली. मूळ डबा पुसून गोठ्यातल्या फळीवर ठेवला आहे.

नंतर इंजिन चांगले तापवून मंद फिरत ठेवले, आणि आम्ही तिघे, विद्यार्थी, मिस्त्री व मी, काट्याकडे पाहत उभे राहिलो. काटा थरथरला आणि पूर्वीच्या जागी स्थिर झाला. आजोबा मात्र खाटेवरून उठले नाहीत. "अजून अर्धा तास चालू ठेवा," ते म्हणाले, "आणि मग सांगा." आम्ही अर्धा तास चालू ठेवले.